म्हाताऱ्या माणसांची माहिती गोळा केली, ग्रामसभेत कशी मांडू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी धारूर तालुक्यातला, जिल्हा बीड. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या पदरात टाकलेली नातवंडं.

आम्ही तिघांनी घरोघर फिरून साठीपुढच्या सगळ्यांची माहिती वहीत उतरवली. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर लोकांची 'लासी' ही म्हातारपणाबद्दलची देशभरातली पाहणी केली होती. आंघोळ, चालणं, जेवण स्वतःचं स्वतः जमतं का, हे प्रश्न तिच्यातूनच घेतले. ती पाहणी राज्याचं चित्र दाखवते. आमच्या वस्तीवर पाणी कोण भरतं, ते आम्हालाच विचारावं लागलं. रेशनला अंगठा उठतो का, श्रावणबाळ पेन्शनचे पैसे काढायला कोण नेतं, हेही विचारलं. आणि रात्री दुखलं तर हाक कुणाला मारणार? एक आजी म्हणाल्या, "दाराशी कुत्रं हाय की." ते उत्तर अजून डोक्यातून जात नाही.

आता ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात हे यायला हवं. ग्रामसभेत कुणाचं नाव, आजारपण उघडं न करता वस्तीवार आकडे कसे मांडावेत? श्रावणबाळला ६५ पूर्ण लागतात, पण कितीतरी जणांच्या आधारवर वय कमी पडलंय; ती यादी तहसीलला वेगळी द्यावी का? कुणी ग्रामसेवक, आशाताई किंवा सरपंचांनी असं काम केलं असेल तर तुमचा तक्ता दाखवा. माणसं परत कारखान्याला जायच्या आत हे मार्गी लावायचंय.