हिवाळ्यातील भूतान : गाईडसह छोटा गट की स्वतःची वाट?

मूळ लेख : देवराई, पुणे

गेल्या जानेवारीत आम्ही नऊ जण, एक भूतानी गाईड आणि एक चालक असे सात रात्री भूतानमध्ये राहिलो. परत आल्यापासून ओळखीपाळखीतले लोक दोनच प्रश्न विचारत आहेत : ऐन थंडीत का गेलात, आणि गाईडवर व शुल्कावर एवढे पैसे का घातलेत? माझे मत असे आहे की भूतान पाहायचा असेल तर तो डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, दहाच्या आतल्या गटाने आणि तिथल्याच गाईडबरोबर पाहावा. त्यासाठी भारतीयांना माणशी दर रात्री जे १२०० रुपये सरकारी शुल्क भरावे लागते, ते मला रास्त वाटते. या मतावर इथे सविस्तर चर्चा व्हावी, ज्यांना ते पटत नाही त्यांनी तर अवश्य लिहावे.

आधी हंगामाविषयी. थंडीच्या दिवसांत आकाश इतके स्वच्छ असते की सुमारे ३१०० मीटर उंचीवरच्या दोचुला खिंडीतून, तिथल्या १०८ छोर्तेनांच्या, म्हणजे स्तूपांच्या, मागे, हिमशिखरांची अखंड रांग दिसते. गांगखर पुनसुम हे ७५७० मीटर उंचीचे शिखरही त्याच रांगेतले. त्यावर आजवर कोणीही चढलेले नाही, आणि भूतानने २००३ पासून गिर्यारोहणच पूर्णपणे बंद केलेले असल्याने ते तसेच राहील अशी चिन्हे आहेत. दोचुलाहून खाली उतरले की पुनाखा लागते. हे गाव जेमतेम १२०० मीटरवर असल्याने तिथे जानेवारीतही दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. भूतानचे मुख्य धर्मगुरू जे खेनपो आणि मध्यवर्ती भिक्षुसंघ थंडी सुरू झाली की थिम्फूहून पुनाखाला मुक्काम हलवतात, आणि ही प्रथा जुन्या काळापासून चालत आलेली आहे. फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरचा पुनाखाचा झोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, भूतान एकसंध करणारे झाबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये बांधला. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या आतल्या चौकात लाल वस्त्रांतले शंभरेक भिक्षू दुपारच्या जेवणानंतर उन्हात बसलेले होते. एरवी ज्या वास्तूची आपण केवळ छायाचित्रे काढून परततो, ती थंडीत नांदती असते.

मात्र ज्या गोष्टीसाठी मी हिवाळ्याचा आग्रह धरतो, ती फोबजिखाच्या खोऱ्यात आहे. काळ्या मानेचे क्रौंच पक्षी तिबेटच्या पठारावरून साधारण ऑक्टोबरअखेरीस या पाणथळ खोऱ्यात उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जातात. येताना आणि जाताना ते तिथल्या गांगते गोम्पाला, म्हणजे मठाला, तीन प्रदक्षिणा घालतात अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. पक्ष्यांना तारांचा धक्का बसू नये म्हणून या खोऱ्यात वीज जमिनीखालून नेलेली आहे, त्यामुळे नजर पोहोचेल तिथवर एकही खांब आडवा येत नाही. संध्याकाळी चारच्या सुमारास उन्हाची तिरीप डोंगरामागे गेली आणि थंडीने बोटे वळेनाशी झाली, तेव्हा गाईडने आम्हाला एका कुंपणाच्या अलीकडेच थांबवले आणि बोलणे बंद करण्याची खूण केली. पाच-दहा मिनिटे काहीच घडले नाही. मग वरून कर्ण्यासारखा लांब स्वर आला आणि तेरा पक्षी, पाय मागे ताणून, आमच्या डोक्यावरून दलदलीकडे उतरले. आमच्यातल्या एकाने पुढे जाऊन छायाचित्र घेण्याची परवानगी मागितली, ती गाईडने शांतपणे नाकारली. गाईड का हवा, याचे माझ्यापुरते उत्तर या नकारात आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एक भारतीय मोटरसायकलस्वार दोचुलाच्या छोर्तेनवर चढून उभा राहिला होता आणि त्याला पुढे माफी मागावी लागली होती. ती बातमी वाचताना आपल्यापैकी अनेकांची मान खाली गेली असेल.


प्रतिसाद : गडवाट, सातारा

लेख मनापासून लिहिलेला आहे, क्रौंचांचे वर्णन तर दोनदा वाचले. तरीही मुख्य मुद्द्याशी मी असहमत आहे आणि त्याची कारणे नीट मांडणे आवश्यक वाटते.

थिम्फू आणि पारो सोडून पुढे जायचे तर गाईड सोबत असलाच पाहिजे, असा तिथला नियम आहे. म्हणजे फोबजिखाला मी एकटा, पाठीवर पिशवी टाकून, वाटेत भेटेल त्या माणसाशी बोलत जाऊच शकत नाही. तीस वर्षे सह्याद्रीत हिंडताना मला गावे कळली ती ओसरीवर टेकल्यामुळे, कोणाच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ल्यामुळे आणि कित्येकदा वाट चुकल्यामुळे. सोबतचा माणूस कितीही सज्जन असला तरी गावकरी त्याच्याशी बोलतो, माझ्याशी नाही. मला मिळतो तो त्या बोलण्याचा सारांश.

दुसरा मुद्दा पैशांचा आहे आणि तो मला अधिक टोचतो. आई-वडील आणि सहा ते बारा वयाची दोन मुले असे चौघांचे कुटुंब सात रात्री राहिले, तर मुलांना निम्मी सवलत धरूनही केवळ शुल्काचे २५,२०० रुपये होतात. प्रवास, निवास, जेवण, गाईड, आणि ताकत्सांगसारख्या मठांची प्रवेशशुल्के यात धरलेलीच नाहीत. आमच्या कास पठारावरही शुल्क आहे, पण ते कोणालाही परवडेल असे आहे आणि गर्दी आवरते ती रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून दिल्यामुळे. ज्याने आधी नोंदणी केली तो आत, मग तो कारखानदार असो की शेतमजूर. भूतानने संख्येऐवजी खिशाची चाळणी लावली आहे. निसर्ग राखण्याचा हेतू मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु त्या हेतूसाठी शिक्षकाचे कुटुंब बाहेर राहावे आणि श्रीमंताने चार दिवस अधिक राहावे, यात रास्त काय आहे ते धागाकर्त्यांनी सांगावे.


प्रतिसाद : ओसरी, डोंबिवली

मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये एका सहल आयोजकाबरोबर गेले होते. आम्ही बेचाळीस जण होतो, सोबत आपला आचारी होता, सकाळी पोहे आणि रात्री वरणभात मिळत होता. जेवणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण त्या आठ दिवसांत भूतानचे एमा दात्शी, म्हणजे मिरच्या आणि चीज यांचे कालवण, मी चाखलेसुद्धा नाही, याची आता हळहळ वाटते. एवढ्या मोठ्या गटाला गाईड एकच होता. झोंगमध्ये त्याचा आवाज पहिल्या दहा जणांपर्यंत पोहोचायचा आणि उरलेले आम्ही मागे आपापसात बोलत राहायचो. तेव्हा "गाईडसह सहल" हे शब्द वापरताना गट केवढा, हे आधी विचारले पाहिजे. या बाबतीत देवराई यांच्याशी मी सहमत आहे.

थंडीबद्दल मात्र त्यांनी फार हलक्या हाताने लिहिले आहे. फोबजिखा जवळपास तीन हजार मीटरवर आहे आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. आम्ही उतरलो होतो तिथे पहाटे नळ गोठलेला होता. घरमालकीण बुखारीवर, म्हणजे खोलीच्या मधोमध असलेल्या लाकडाच्या शेगडीवर, पाण्याची किटली ठेवून बसली होती. तिने त्यातले पाणी आधी माझ्या हातांवर ओतले, मग फडके भिजवून नळाला गुंडाळले. बुखारीजवळ पाठ भाजते आणि तीन पावलांवर दात वाजतात. संधिवात किंवा दमा असलेल्या माणसांना "हिवाळ्यातच जा" असे सरसकट सांगू नये. अशांनी पारो, थिम्फू आणि पुनाखा एवढेच ठेवावे, फोबजिखाचा मुक्काम टाळावा.


प्रतिसाद : तिस्ताकाठ, सिलिगुडी

नोकरीनिमित्त अकरा वर्षे इकडे आहे, त्यामुळे भूतानला जाणारे-येणारे मराठी पाहुणे आमच्या घरी नेहमीच असतात. प्रवासाविषयी एक सूचना आधी करतो. डिसेंबर-जानेवारीत बागडोगऱ्याला धुके असते आणि विमाने तासन् तास खोळंबतात. तिथून जयगावच्या सीमेपर्यंत मोटारीने चार तास, आणि सीमेपलीकडच्या फुंटशोलिंगहून थिम्फूपर्यंत घाटाचे आणखी पाच-सहा तास लागतात. शुल्क रात्रीच्या हिशेबाने असल्याने सीमेअलीकडे एक दिवस हातचा राखून ठेवावा, तो स्वस्त पडतो. मतदार ओळखपत्र किंवा पारपत्र यांपैकी एक जवळ असावे. नुसत्या आधार कार्डावर विसंबून आलेले पाहुणे मी सीमेवर अडकलेले पाहिले आहेत.

आता वादाच्या मुद्द्याकडे वळतो. गडवाट यांनी गाईडच्या सारांशाचा उल्लेख केला आहे, त्यात मी भर घालतो. भूतानमधले नेपाळीभाषक, ज्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात, त्यांच्यापैकी एक लाखाच्या आसपास लोकांना १९९० च्या सुमारास देश सोडावा लागला. पूर्व नेपाळमधल्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत त्यांची वर्षामागून वर्षे गेली, आणि २००७ नंतर त्यांतले बहुतेक अमेरिका व इतर देशांत वसवले गेले. हा इतिहास इथल्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतो. मी स्वतः तीन वेळा गाईडसह भूतान पाहिला. सकल राष्ट्रीय आनंदाविषयी, म्हणजे देशाची प्रगती लोकांच्या आनंदावरून मोजण्याच्या भूतानच्या कल्पनेविषयी, तिन्ही वेळा भरभरून ऐकले, याविषयी एक शब्दही नाही. गाईडला मी दोष देत नाही, त्याचा परवाना आणि पोट त्यावर अवलंबून आहे. परंतु एकाच वाटेने, एकाच तोंडून देश ऐकायचा, ही रचना सरकारला सोयीची आहे. पाहुण्याने तिला आपण होऊन उत्तम म्हणू नये.


प्रतिसाद : देवराई, पुणे

तिघांचेही आभार. ओसरी यांचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. आमच्या गटात सर्वांत वडील माणूस पंचावन्नचा होता, त्यामुळे मला ती बाजू दिसली नाही. लेखाच्या शीर्षस्थानी तशी सूचना असायला हवी होती.

तिस्ताकाठ, ल्होत्शाम्पांविषयी मला जाण्यापूर्वी केवळ जुजबी माहिती होती आणि तिथे मी प्रश्न विचारला नाही. विचारायला हवा होता का, यावर मी कालपासून विचार करतो आहे. परवान्यावर जगणाऱ्या माणसाला नऊ अनोळखी लोकांसमोर असे विचारणे म्हणजे त्याला अडचणीत टाकणे आहे, असे मला वाटते. तो इतिहास आपण घरून वाचून जावा, हे कबूल. पण एकटा हिंडणारा पर्यटक पाच दिवसांत तो तिथल्या कोणाकडून ऐकेल, हेही मला संभवनीय वाटत नाही.

गडवाट यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. भूतानने १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांना दार उघडले तेव्हा पहिल्या वर्षी २८७ जण आले. तेव्हापासून मोजके पाहुणे आणि त्यांच्याकडून अधिक मोल हेच धोरण आहे. भारतीयांना २०२० पर्यंत हे शुल्क मुळीच नव्हते, आणि आजही इतर बहुतेक परदेशी माणसे रात्रीला १०० डॉलर भरतात. तिथे आरोग्यसेवा आणि शालेय शिक्षण मोफत आहे, साठ टक्के भूमी कायम वनाखाली ठेवण्याचे बंधन राज्यघटनेतच आहे. जंगल राखायचे असे ठरवलेल्या लहान देशाने पाहुण्याकडून वाटा मागितला तर मला तो भार वाटत नाही. मात्र संख्येची मर्यादा खिशाच्या चाळणीपेक्षा न्याय्य आहे, हा तुमचा युक्तिवाद मला खोडता येत नाही. निदान शिक्षक आणि विद्यार्थी यांना शुल्कात सूट असावी, असे मीही म्हणेन.

गाईडविषयी मात्र मी मागे हटत नाही. पुनाखाच्या झोंगच्या दाराशी आमच्या गाईडने पिशवीतून काबने, म्हणजे पांढरे लांब उपरणे, काढले, डाव्या खांद्यावरून घेऊन त्याच्या चुण्या तीनदा नीट केल्या, घोच्या, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या अंगरख्याच्या, पांढऱ्या बाह्या सारख्या केल्या, आणि मगच उंबरा ओलांडला. तो तिथे पाचशेव्यांदा जात असेल. ते पाहून आमच्यातल्या दोघांनी आपणहून टोप्या काढल्या आणि भ्रमणध्वनी बंद केले. कोणी काही सांगितले नव्हते.


प्रतिसाद : गडवाट, सातारा

उत्तर प्रामाणिक आहे, त्यामुळे मीही थोडा पुढे येतो. काबनेचा प्रसंग वाचून सोबतीचा माणूस असावा हे मला पटते. तो सक्तीचा असावा हे पटत नाही. कळसूबाईच्या पायथ्याशी मी नेहमी बारी गावातला एखादा मुलगा बरोबर घेतो, कारण मला त्याची सोबत हवी असते. उद्या ती सक्ती झाली तर त्याच्या-माझ्या नात्याचा रंग बदलेल, तो माझ्यावर नजर ठेवणारा होईल.

पैसे साठवून मी पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या आरंभी जाण्याचे ठरवतो आहे. त्या सुमारास पुनाखात द्रुबचेन हा उत्सव असतो आणि सतराव्या शतकात तिबेटी सैन्याला परतवल्याचा प्रसंग तिथले लोक योद्ध्यांच्या वेशात पुन्हा उभा करतात. नऊ जणांचा गट मला नको, पत्नी आणि मी दोघेच असू. देवराई, तुमचा गाईड दोघांबरोबर यायला तयार असेल आणि वाटेत एखाद्या शेतघरी मुक्काम करायला त्याची हरकत नसेल, तर त्याचा संपर्क मला खासगी निरोपाने कळवावा. त्याच्याशी दर ठरवण्यापूर्वी मी एवढेच विचारणार आहे की दिवसातले दोन तास तो आम्हाला गावात एकटे सोडेल का.