हार्ड डिस्क १ टीबी घेऊ की २ टीबी? लवकर सांगा

कऱ्हाडकर८१ :
मंडळी, काँप्युटरला नवीन हार्ड डिस्क घ्यायची आहे. दुकानातच उभा आहे. दुकानदार म्हणतो जांभळ्या स्टिकरची १ टीबी घ्या, स्वस्तात लावतो. मला २ टीबी घ्यावीशी वाटते. कोणती घेऊ? अर्ध्या तासात शटर पडेल.

निवांत :
डेस्कटॉप की लॅपटॉप? काम काय करता? जुनीला काय झालं?

कऱ्हाडकर८१ :
डेस्कटॉप. धंद्याचं काम. जुनी ५०० जीबीची भरत आली, स्लो पण झालीय. १ की २ एवढंच सांगा ना.

चिंतू :
या जमान्यात हार्ड डिस्क कोण घेतं? सरळ एनव्हीएमई, म्हणजे चिपवाली वेगवान एसएसडी टाका, सेकंदाला ३५०० एमबी. एका मिनिटात विंडोज चालू नाही झालं तर नाव बदलेन.

भटका मेकॅनिक :
चिंतू, बोर्ड कुठला ते विचारलंत का? मशीन किती सालचं, कऱ्हाडकर?

कऱ्हाडकर८१ :
२०१४. आय३. विंडोज ७.

भटका मेकॅनिक :
मग त्यावर एम.२ची (एनव्हीएमई बसते ती) खाच असण्याची शक्यता फार कमी. साध्या डिस्कच्याच केबलवर चालणारी अडीच इंची साटा एसएसडी बसेल. ती ५५० एमबीच्या आसपास थांबते, पण तुम्हाला फरक त्या आकड्याने पडणार नाही. तबकडीच्या डिस्कला प्रत्येक बारीक फाइलसाठी हेड हलवावं लागतं, एसएसडीत हलणारं काही नसतंच. विंडोज छोट्या एसएसडीवर, फायली २ टीबीच्या साध्या डिस्कवर. जांभळी सीसीटीव्हीसाठी असते, चोवीस तास लिहीत राहायला.

सदाफुली :
काहीही हं. आमच्या ऑफिसात जांभळी चार वर्षं चालतेय.

भटका मेकॅनिक :
चालेल हो, चालत नाही असं कुठे म्हटलं? पण स्वस्त का देतोय ते विचारा. डबा नसेल तर रेकॉर्डरमधून काढलेली असू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली ते बघा. नव्या डिस्कवर हजारो तास कसे असतील?

पेंग्विनप्रेमी :
विंडोज ७चा सपोर्ट २०२०लाच संपला, १०चाही ऑक्टोबर २०२५मध्ये. लिनक्स मिंट टाका, जुनी डिस्कसुद्धा पळेल.

कऱ्हाडकर८१ :
त्यावर श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) चालेल का? लॉक आहे, पण इन्स्टॉल करायची सीडी सापडत नाही.

निवांत :
श्रीलिपी?! म्हणजे तुम्ही डीटीपी, छपाईची पानं लावायचं काम करता. हे आधी सांगायचं. मग नव्याने विंडोज टाकायचा विषयच संपला, सी ड्राइव्हचं क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल करावी लागेल.

कऱ्हाडकर८१ :
पत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तकं असतात. मला वाटलं धंद्याचं काम म्हटल्यावर कळेल.

लॅमिंग्टनवाला :
अवांतर : आमची पहिली डिस्क ४.३ जीबीची क्वांटम बिगफूट, सीडी ड्राइव्हएवढी रुंद. लॅमिंग्टन रोडवरून मांडीवर धरून आणली होती, बाळासारखी.

सदाफुली :
त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे.

लॅमिंग्टनवाला :
टॅक्सीवाल्याला सांगून बघा, कुठे सोडतो ते.

निवांत :
२ टीबी घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवणारी) आहे का विचारा. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. नुसत्या साठवणीला हरकत नाही, रोज मोठ्या फायली उलटसुलट करायच्या तर वैताग येतो.

कऱ्हाडकर८१ :
दुकानदार म्हणतो सीएमआर वगैरे काही नसतं. आणि एक, मधूनच टक टक आवाज येतो, मग कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) हँग होतं. त्याचा काही संबंध?

भटका मेकॅनिक :
अहो!! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. डिस्क मरतेय ती. मशीन बंद करा.

चिंतू :
घाबरवू नका हो. सीएचकेडीएसके स्लॅश आर ही विंडोजची डिस्क तपासायची कमांड मारा, बॅड सेक्टर (डिस्कवरच्या खराब जागा) दुरुस्त होतात.

भटका मेकॅनिक :
दुरुस्त होत नाहीत, त्या जागा बाजूला टाकल्या जातात. आणि त्यासाठी पूर्ण डिस्क वाचून काढावी लागते. मरणाऱ्या डिस्कला पळायला लावू नका. आधी गिऱ्हाइकांच्या फायली दुसरीकडे उतरवा, मग क्लोन. वाचताना अडकली तर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा काढायचं सॉफ्टवेअर) माहीत असलेला माणूस शोधा.

पेंग्विनप्रेमी :
डीडीरेस्क्यू मुख्यतः लिनक्सवर वापरतात, बरं का.

कऱ्हाडकर८१ :
२ टीबी घेतली, सीलबंद डबा आहे. एसएसडी त्याच्याकडे उद्या येईल.

निवांत :
छान. विंडोजमध्ये १.८ च दिसेल, उद्या त्यावरून भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.

कऱ्हाडकर८१ :
मशीन बंद करायला घरी फोन केला. भाचा म्हणतो स्लो होतं म्हणून सकाळपासून डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली जुळवून पुन्हा लिहिणं) लावलंय, ४० टक्के झालं. पूर्ण होऊ देऊ?

भटका मेकॅनिक :
नको! थांबवायला सांगा. आत्ता.

अनुराधा_नाशिक :
माझ्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो पण २ टीबीची डिस्क दिसत नाही. कुणी सांगेल का? अर्जंट आहे.

निवांत :
टीव्ही कुठला?