किल्ली काढली तरी टिंगटिंग चालूच
गाडी चालू करायची किल्ली लॉकमध्ये अडकते आणि काढल्यावरही, गाडीचं दार उघडलं की टिंगटिंग थांबत नाही, असं तुम्ही म्हणताय. मला तर दोन्हीचं मूळ एकच वाटतं. किल्ली आत आहे की नाही हे ओळखणारा छोटा स्विच लॉकमध्येच असतो. लॉकच्या आतल्या धातूच्या छोट्या पट्ट्या मळाने अडकल्या की तो स्विच दाबलेलाच राहतो, आणि गाडीला किल्ली आतच आहे असं वाटतं. आमच्या १४ वर्षं जुन्या गाडीत हेच झालेलं.

आधी कपाटातली दुसरी किल्ली लावून बघा. ती अलगद फिरली तर रोजची झिजलीय. तेल मात्र घालू नका (मी खोबरेल घातलं होतं, हसू नका), धूळ धरून आत काळा चिखल होतो. ग्राफाइट पावडर फुंकून किल्ली १५-२० वेळा आतबाहेर करा. फिरतच नसेल तर जोर न लावता स्टिअरिंग किंचित हलवत फिरवा.