सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा): कमांड पाठ करायच्या की राऊटर बिघडवून शिकायचं?

वहीबहाद्दर:
जो तो सांगतो, 'घोकू नका, समजून घ्या.' मला नाही पटत. सीसीएनएचा (कोड २००-३०१) पेपर १२० मिनिटांचा. त्यात आयपी कनेक्टिव्हिटीला (म्हणजे राऊटिंग, पॅकेटचे रस्ते ठरवणं) २५ टक्के वजन, आणि एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नाकडे फिरकता येत नाही. तिथे डोकं खाजवायला वेळ कुणाकडे आहे? पाढे पाठ आहेत म्हणूनच हिशेब पटापट होतो ना? मी ओएसपीएफ (राऊटर आपसांत बोलून रस्ते ठरवतात ती पद्धत), नॅट (पत्ते बदलणं), डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणं) यांच्या कमांड रोज सकाळी वहीत दहादा लिहितो. बोला आता.

रात्रपाळी:
मीही वही भरली होती, दोनशे पानी. ऐका काय झालं ते. (खऱ्या पेपरातलं सांगणार नाही, तसा करार मान्य केलाय. हे सराव लॅबमधलं.) मुख्य रस्ता ओएसपीएफचा, आणि तो पडला तरच दुसऱ्या लिंकने जायचं. मी त्याच नेटवर्कसाठी स्टॅटिक राऊट (हाताने लिहिलेला रस्ता) टाकला, पिंग लागला (पलीकडून उत्तर आलं), खूश होऊन पुढे गेलो. मार्क शून्य! स्टॅटिकचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कोणत्या रस्त्यावर आधी भरवसा ठेवायचा तो आकडा) १, ओएसपीएफचं ११०, आणि लहान आकडा जिंकतो. माझा पर्यायी रस्ता पहिल्या क्षणापासूनच मुख्य होऊन बसला होता. शो आयपी राऊट (रस्त्यांची यादी दाखवणारी कमांड) मारून बघितलं असतं तर ओळीच्या सुरुवातीला ओएसपीएफच्या 'ओ'च्या जागी स्टॅटिकचा 'एस' दिसला असता. कमांड तोंडपाठ होती बरं का.

वहीबहाद्दर:
म्हणजे स्टॅटिक राऊटच्या शेवटी डिस्टन्स १२० (११० पेक्षा मोठा) लिहायचं पाठ नव्हतं! जिंकलं की पाठांतरच.

रात्रपाळी:
राव, मुख्य रस्ता रिपचा (राऊटिंगची दुसरी पद्धत) असेल तर? रिपचं डिस्टन्सच १२० आहे, तिथे त्याच्या वरचा आकडा लागेल. मुख्य रस्ताही स्टॅटिक असेल तर २ सुद्धा चालतो. वहीत किती ओळी लिहिणार?

जुना१८४१:
पॅकेट ट्रेसर (संगणकावर नकली नेटवर्क चालवणारा प्रोग्राम) म्हणजे खेळणं. खरा राऊटर घ्या, सेकंडहँड मिळतो.

दोनलेकरांचीआई:
खेळण्यावरच पास झाले मी, मुलं झोपल्यावर. तुमच्या त्या डब्याच्या पंख्याने सगळं घर जागं झालं असतं. आमच्याकडे उलटा खेळ चालायचा. ऑफिसातली मैत्रीण माझी चालू टोपॉलॉजी (नेटवर्कची मांडणी) बिघडवून फाइल पाठवायची. कधी एका बाजूचा हॅलो टायमर (शेजारच्या राऊटरला किती सेकंदांनी हाक द्यायची) १० चा ५, कधी भलताच इंटरफेस (राऊटरचं जोडणीचं तोंड) पॅसिव्ह, म्हणजे हाकच बंद. एकदा तिने वाइल्डकार्ड (कोणते पत्ते ओएसपीएफमध्ये धरायचे ते सांगणारा आकडा) ०.०.०.६३ चं ०.०.०.३१ केलं. इंटरफेसचा पत्ता .६२, म्हणजे ३१ च्या पलीकडचा, तो ओएसपीएफमध्ये आलाच नाही, आणि शेजारचा राऊटर गायब. पाऊण तास गेला माझा. अट एकच: शो रनिंग-कॉन्फिग (सगळ्या सेटिंग एकत्र दाखवणारी कमांड) बघायचं नाही, बाकी शो कमांडवरून चोर पकडायचा. /२६ चा (६४ पत्त्यांच्या नेटवर्कचा) वाइल्डकार्ड त्यानंतर मी कधी चुकले नाही, आणि वहीत एकदाही लिहिला नव्हता.

वहीबहाद्दर:
सबनेट मास्कचे (नेटवर्क किती मोठं ते सांगणारे) १२८, १९२, २२४, २४० तर मी घोकणारच, त्यावर वाद नको. पण ते बिघडवण्याचं... कुणी माझी फाइल बिघडवून देईल का? पेपर पुढच्या महिन्यात आहे.

दोनलेकरांचीआई:
पाठवा. रात्री दहानंतर बघते. आणि सेव्ह करून पाठवा, मागच्या वेळी एकाने कोरा राऊटर पाठवला होता.

जुना१८४१:
माझ्या पंख्याला तेल घातलंय, आता आवाज येत नाही.