लग्नाआधी पील करू का? आणि हळदीचं काय?

संत्राबर्फी: दीड महिन्यावर लग्न आलंय माझं, गालावर पिंपल्सचे काळे डाग आहेत. डॉक्टर ग्लायकोलिक पील (चेहऱ्याला अ‍ॅसिड लावतात ते) करू म्हणतात, पार्लरवाली ताई म्हणते मी निम्म्या पैशात करते. खरंच साल निघते का चेहऱ्याची? आधी काय काय बंद करायचं? रात्री पिंपल्सचं औषध अ‍ॅडापलीन लावते, सकाळी मावसबहिणीने दिलेली गोरं व्हायची ट्यूब, आणि आई बेसन-हळद घेऊन मागे लागलीये ते वेगळंच.

कोथिंबीरवडी: अगं साल वगैरे काही नाही, हलक्या पीलमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाकाच्या बाजूला, हनुवटीवर कोंडा झडल्यासारखं होतं एवढंच, कधीकधी तेही नाही. अ‍ॅसिडने वरच्या मेलेल्या पेशींची पकड सुटते. लावल्यावर चुणचुणतं, डॉक्टर घड्याळ लावून समोरच बसतात आणि वेळ झाली की सोड्याच्या पाण्याने अ‍ॅसिड मारतात. ते सुटे पापुद्रे ओढायचे मात्र नाहीत, कितीही हात शिवशिवले तरी! अ‍ॅडापलीन आठवडाभर आधी बंद, वॅक्स, थ्रेडिंग, ब्लीच, स्क्रब पण नको. बेसन चोळणं म्हणजे स्क्रबच झालं, आईला सांग.

डोंबिवलीफास्ट: पार्लरचा नाद सोड. क्लिनिकमध्ये 30 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत ग्लायकोलिक असतं, आणि आपल्या सावळ्या कातडीला जरा जास्त लागलं की डाग जायच्या ऐवजी आणखी काळा पडतो, तो महिनोन्‌महिने हलत नाही. एका बैठकीत डाग जातही नाहीत, दोन-चार आठवड्यांच्या अंतराने करावं लागतं. हळदीआधीचे शेवटचे पंधरा दिवस चेहऱ्याला हात लावू देऊ नकोस कोणाला, हळद त्यानंतर खुशाल लागू दे. एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन आत्तापासूनच. ओठांवर तापाचे फोड येत असतील किंवा पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असशील तर तेही आधी सांग.

काकूऑनलाइन: सगळे पीलवर बोलताय, त्या ट्यूबचं कोणीच विचारलं नाही! मागे बारीक अक्षरात बघ, बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असलं काही आहे का.

संत्राबर्फी: मोमेटासोन आहे काकू, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. मग आजच बंद करू?

काकूऑनलाइन: मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. बरेच दिवस लावत असशील तर एकदम सोडल्यावर चेहरा लालबुंद होऊन पुरळ उठू शकतं, आणि त्या कातडीवर पील म्हणजे आगीत तेल. ट्यूब पर्समध्ये टाक, डॉक्टरांना दाखव, कशी सोडायची ते त्याच सांगतील. पीलची तारीख त्यानंतर.