हात लावा, पण कशासाठी? रस्त्यावरच्या कला महोत्सवांतली 'इंटरॅक्टिव्ह' मांडणी

तिरपीमान
शहराच्या मध्यभागी रस्ते बंद करून भरणाऱ्या कला महोत्सवांत हल्ली 'इंटरॅक्टिव्ह', म्हणजे बघणाऱ्याने स्वतः सहभागी व्हायच्या मांडणीशिल्पांचं पेव फुटलंय. बटण दाबा, दिवा लागतो. पंखांच्या चित्रासमोर उभे राहा, फोटो निघतो. माझं मत रोखठोक आहे: तुम्ही काही केल्याने कलाकृतीत फरक पडत नसेल, आणि तो शेजारच्याला किंवा मागून येणाऱ्याला जाणवत नसेल, तर तो नुसता सेल्फी पॉइंट.

कलाकार कँडी चँग यांनी २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा रंग फासला, 'मरण्यापूर्वी मला...' एवढंच अर्धवट वाक्य ओळीने छापलं आणि खडू ठेवले. बाकी भिंत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लिहिली. याला म्हणतात सहभाग.

रविवारची दुपार
असहमत. ज्याने कधी कलादालनाची पायरी चढली नाही तो माणूस रस्त्यात थांबतो, हसतो, पोराला खांद्यावर घेऊन दाखवतो. एवढं झालं तरी पुष्कळ झालं की! शिकागोत अनिश कपूर यांचं 'क्लाउड गेट' आहे. लोक त्याच्या पोटाखाली शिरतात, मान वर करून स्वतःचं ताणलेलं, वाकडं प्रतिबिंब शोधतात. निघून गेले की मागे काही राहत नाही. तुमच्या हिशेबाने तेही बाद?

तिरपीमान
शिल्प म्हणून अव्वल. इंटरॅक्टिव्ह म्हणून मात्र बाद, हो.

मॉन्ट्रियलचे झोके बघा. २०११ पासून तिथल्या एका रस्त्याकडेला २१ झोके ओळीने टांगायला लागले. प्रत्येक झोक्याचा आपला सूर. एकट्याने कितीही जोर काढला तरी तुमच्या वाट्याला तेवढेच सूर. काही धुना मात्र अनेकांचे झोके एका लयीत आले तरच वाजतात. म्हणजे शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघायचं, आपला वेग जरा आवरायचा, त्याला गाठायचं. न बोलता ओळख होते. पंखांच्या चित्रापुढे हे होतं का?

नटबोल्ट
मी अशा मांडण्या उभारायची कामं करतो, म्हणून दोन शब्द. तुमची चर्चा उद्घाटनाच्या संध्याकाळची चाललीय, माझं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. माणूस जवळ आल्याचं ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर थेट उन्हात फसतो. वायरीवरचं झाकण कुणीतरी पायाने उचकटतं. एकाने बसायची वस्तू केली की तिच्यावर तिघं उभे राहणार, हे धरूनच वेल्डिंग करावं लागतं. आणि हे आजचं नाही. लंडनच्या टेट गॅलरीत १९७१ मध्ये शिल्पकार रॉबर्ट मॉरिस यांनी चढा-घसरा-तोल सांभाळा असं प्रदर्शन मांडलं होतं. लोकांना इतक्या दुखापती झाल्या, की चार दिवसांत बंद करावं लागलं.

मे २०२४ मध्ये डब्लिन आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर, एका शहरातले लोक दुसऱ्या शहरात थेट दिसतील असे दोन गोल पडदे लावले. आठवडाभरात काहींचे अश्लील चाळे सुरू झाले, पडदे काही दिवस बंद! मग कुणी कॅमेऱ्याला चिकटून उभं राहिलं की चित्र धूसर होईल, अशी सोय केली. हा उपाय आधी का सुचू नये?

रविवारची दुपार
कारण आधी सगळ्या चाळ्यांचा बंदोबस्त करायला गेलात, तर रस्त्यावर फक्त रेलिंग उरेल. लोकांनी हात हलवले, उड्या मारल्या, त्याची बातमी कमी झाली इतकंच.

काठावरून
मला वेगळाच प्रश्न आहे: पैसा कुणाचा? स्टॉकहोममधल्या भुयारी स्थानकात २००९ साली जिन्याच्या पायऱ्या पियानोसारख्या वाजत होत्या. लोक सरकता जिना सोडून तिकडे वळले, सगळीकडे कौतुक झालं. ती फोक्सवॅगनची जाहिरात मोहीम होती. शिवाय तिरपीमान, तुमचे झोके काय किंवा तो जिना काय, व्हीलचेअरवरच्या माणसाने त्यात भाग कसा घ्यायचा? तुमच्या व्याख्येत तो कुठेच नाही. खडूची भिंतही खालच्या दोन-तीन ओळींपुरतीच त्याची.

तिरपीमान
व्हीलचेअरचा मुद्दा बिनतोड आहे. पैशाचं मात्र पटत नाही. प्रायोजक कुणीही असो, नाव कोपऱ्यात बारीक लिहा.

रविवारची दुपार
आणि तुमची भिंत भरली की? ती पुसतात आणि पुन्हा सुरू. कुणाचं वाक्य किती दिवस ठेवायचं, शिवी आधी पुसायची की नाही, हे ठरवणारा माणूस आलाच. तोही कलाकृतीचा भाग धरायचा का?

नटबोल्ट
धरा. आणि त्याचा पगार बजेटमध्ये धरा. बहुतेक वेळा तो नसतोच.