मदत हवी आहे: तान्ह्या बाळाच्या डोळ्याला नख लागले आहे

माझ्या साडेतीन महिन्यांच्या मुलीने काल झोपेत स्वतःच्याच नखाने उजवा डोळा ओरबाडला असून, बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला लाली दिसते, पाणी येते आणि उजेडात ती तो डोळा घट्ट मिटून घेते. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात पिवळसर रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात तपासले, तेव्हा बुबुळावर बारीकसा ओरखडा हिरवा चमकताना मलाही दिसला. असे लहान ओरखडे बहुधा एक ते तीन दिवसांत भरून येतात, असे सांगून त्यांनी प्रतिजैविक मलम दिले आहे आणि उद्या पुन्हा बोलावले आहे. पू आला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा डोळा उघडेनासा झाला, तर मात्र उद्याची वाट न पाहता लगेच यायचे आहे.

उपचारांबद्दल शंका नाही. अडचण घरातली आहे. खालची पापणी ओढून मलमाची रेघ सोडायची, एवढेच काम, पण ती पापण्या इतक्या आवळते की निम्मे मलम गालावर उतरते. हातमोजे घातले तर ते चोखून ओले करते आणि तेच डोळ्यावर चोळते. त्यातच सासूबाई मायेपोटी अंगावरचे दूध डोळ्यात पिळायला आणि काजळ घालायला सांगतात. काजळात शिसे असू शकते आणि दुधाने जंतुसंसर्गाची भीती असते, हे त्यांना न दुखावता कसे पटवावे?

इतक्या लहान बाळाला मलम नीट घालण्याची आणि त्याचे हात डोळ्यापासून दूर ठेवण्याची आपापली रीत अनुभवी पालकांनी कृपया कळवावी.